डांबरी धावपट्टी टिकावी म्हणून डांबरात काय मिसळावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिटुमेन आणि खडीच्या तपासण्या करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली, आणि तीही बडोद्यात. शहराच्या एका अंगाला कोयलीची रिफायनरी, १९६५ पासून चालू; दुसऱ्या अंगाला हरणीचं विमानतळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून कलाभवनातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, ठेकेदारांकडचे तरुण सुपरवायझर, अगदी दांडिया बाजारातले शेजारीसुद्धा धावपट्टीबद्दल विचारू लागले आहेत. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो आहे. कोळशापासून निघतं ते डांबर वेगळं आणि तेलापासून निघतं ते बिटुमेन वेगळं. पण साइटवर दोन्हीला डांबरच म्हणतात, म्हणून मीही बिटुमेनला डांबर म्हणतो.

धावपट्टी म्हणजे रुंद रस्ताच ना? तिचा वेगळा विचार कशाला?

ट्रकच्या टायरमधला हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ किलो असतो. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ च्या चाकात तो १४ किलोच्या आसपास जातो. एवढं ऐकलं की लोकांना वाटतं, धावपट्टी वजनाने मोडत असणार. प्रत्यक्षात महामार्गावरून दिवसाला हजारो ट्रक जातात, त्या मानाने धावपट्टीवरून जाणारी विमानं मोजकीच. शिवाय त्यांची चाकं मधल्या काही मीटरच्या पट्ट्यातच फिरतात. ४५ मीटर रुंदीतला उरलेला भाग चाक न लागताच उन्हात पडून असतो. रस्त्यावर ट्रकची चाकं डांबर मळत राहतात आणि पृष्ठभाग मिटलेला राहतो. धावपट्टीच्या कडांना ते नशीब नाही. म्हणून मी म्हणतो, धावपट्टी झिजते कमी आणि म्हातारी होते जास्त.

दुसरा फरक सुट्या खड्याचा. रस्त्यावरचा सुटा खडा फार तर काच फोडतो, पण ७३७ चं इंजिन जमिनीलगत लटकत असतं आणि समोरचं काहीही आत ओढून घेतं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड कोसळलं, ११३ माणसं गेली. सुरुवात झाली होती धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने, टायर तिच्यावरून गेला आणि फुटला. ती पट्टी दुसऱ्या विमानातून पडली होती, डांबराचा त्यात दोष नव्हता. पण धावपट्टीवर पडलेली छोटीशी वस्तू काय करू शकते, ते तिथे दिसलं. खडी धरून ठेवणं हे धावपट्टीच्या डांबराचं पहिलं काम आहे.

बडोद्याच्या हवेत नेमकं काय बिघडतं?

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा काळ्या पृष्ठभागाचं तापमान ६० च्या पुढे असतं. आणि आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० या श्रेणीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ते मऊ पडतं तो, आय.एस. ७३ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४७ अंश असावा लागतो. म्हणजे भर दुपारी पृष्ठभाग त्या बिंदूच्याही वर गेलेला असतो. खडीला खडी अडकलेली असते म्हणून थर उभा राहतो, एवढंच. विमान जिथे हळू वळतं किंवा परवानगीची वाट पाहत उभं राहतं तिथे, म्हणजे धावपट्टीच्या टोकांना आणि टॅक्सीवेवर, चाकोऱ्या पडतात, थर पुढे सरकतो.

तेच ऊन वर्षानुवर्षं दुसरं काम करत असतं. ऑक्सिजन डांबरात शिरतो, हलके तेलकट घटक कमी होतात, जड अस्फाल्टीन वाढतात. गुळाचा पाक गरम असताना लवतो आणि चिक्की झाली की कट्कन तुटतो, तसं डांबराचं होतं. हिवाळ्यातल्या थंड पहाटे पृष्ठभाग आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात.

मग पावसाळा. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५० सेंटिमीटर पाऊस पडला होता. रोज असा पडत नाही, पण चार महिने थर ओला राहतो हे दरवर्षीचं. भेगांतून आणि पोकळ्यांतून पाणी आत जातं, वरून चाक गेलं की ते पाणी पंपासारखं दाबलं जातं आणि दगडावरचं डांबर सोलून काढतं. याला आम्ही स्ट्रिपिंग म्हणतो.

उष्णतेने मऊ पडणं, उन्हाने वाळणं आणि पाण्याने सुटणं हे तीन वेगळे आजार आहेत. कुठलं अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे डांबरात मिसळायचा पदार्थ, घालू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्या जागेवर यातलं कोणतं चाललंय? त्याचं उत्तर न शोधता घेतलेलं अ‍ॅडिटिव्ह चांगलं असूनही वाया जाऊ शकतं.

एसबीएस पॉलिमरचं एवढं नाव का?

कारण ते उष्णता आणि थंडी या दोन्ही टोकांना उपयोगी पडतं. एसबीएसच्या रेणूची दोन टोकं स्टायरीनची, कडक; मधला भाग ब्युटाडाइनचा, रबरासारखा. डांबरात नीट मिसळलं की ही टोकं एकमेकांना धरून जाळं विणतात. उन्हाळ्यात हे जाळं डांबराला वाहू देत नाही, थंडीत ताणलं तर परत आणतं. नेहमीची मात्रा डांबराच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के. ७ टक्क्यांच्या आसपास गेलं की गणित उलटतं: डांबरात पॉलिमर न राहता पॉलिमरच्या जाळ्यात डांबर, अशी रचना होते. विमानतळावरच्या कठीण जागांसाठी असं डांबरही बनवतात.

त्याचा उपयोग डोळ्यांनी पाहायचा असेल तर लवचीक पुनःप्राप्तीची चाचणी पाहा. १५ अंशांच्या पाण्यात डांबराचा धागा १० सेंटिमीटर ताणतात, मधोमध कापतात आणि तासाभराने तो किती मागे आला ते मोजतात. साधं डांबर जिथल्या तिथे पडून राहतं. एसबीएस असलेलं माघारी येतं. विद्यार्थ्यांना मी हीच चाचणी आधी दाखवतो, कारण ती पाहिल्यावर पुस्तकातलं वेगळं समजवावं लागत नाही.

आता अडचणी. एसबीएस चमच्याने ढवळून विरघळत नाही. १८० अंशांच्या आसपास, जोरात घुसळणाऱ्या मिलमधून ते काढावं लागतं. कमी घुसळलं तर गाठी राहतात, फार तापवलं तर पॉलिमरचीच साखळी तुटते. टाकीत ते नुसतं ठेवून दिलं तर वर पॉलिमर, खाली डांबर असं फाटू शकतं. म्हणून डांबराने भरलेली नळी १६३ अंशांवर ४८ तास उभी ठेवतात आणि वरच्या व खालच्या भागाचा मृदुबिंदू ताडून पाहतात. फरक ३ अंशांपेक्षा जास्त नको. आय.एस. १५४६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत पीएमबी ७६-१० सारख्या श्रेणी आहेत; पीएमबी म्हणजे पॉलिमर मिसळलेलं डांबर. त्यातला पहिला आकडा उष्णतेच्या बाजूचा, आणि आपल्याकडच्या धावपट्टीसाठी मी तोच आधी पाहतो.

एक गोष्ट लोक विसरतात: एसबीएस कोणत्याही डांबराशी सारखं जुळत नाही. रिफायनरीत कच्चं तेल बदललं की डांबराचा स्वभाव बदलतो. मागच्या वर्षी जुळलं म्हणून यंदाही जुळेल असं धरू नका. टँकर बदलला की फाटण्याची चाचणी पुन्हा करा.

चुना? एवढं साधं काम त्याने होतं?

होतं. आणि मला विचाराल तर गुजरातच्या हवेत सगळ्यात कमी कौतुक झालेलं अ‍ॅडिटिव्ह हेच आहे. विझवलेला चुना, खडीच्या वजनाच्या १ ते २ टक्के. डांबरात थोडी सेंद्रिय आम्लं असतात. ती दगडाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात खरी, पण पाणी आलं की तो बंध सुटतो. चुना या आम्लांना धरून पाण्यात न विरघळणारे क्षार बनवतो, त्यामुळे दगडाला डांबर पाण्यातही धरून राहतं. शिवाय डांबर लवकर कडक व्हायला ज्यांची मदत होते त्यातले काही घटकही चुना बांधून ठेवतो. म्हणजे पाणी आणि म्हातारपण, दोन्ही आजारांवर एकच औषध.

आपल्याकडे सेवालियाची काळी कपची, म्हणजे ट्रॅप दगडाची खडी, येते. हा दगड रासायनिक स्वभावाने अल्कधर्मी, त्यामुळे गारगोटीसारख्या दगडापेक्षा डांबर त्याला बरं धरतं. म्हणून काही ठेकेदार म्हणतात, आम्हाला चुना कशाला? पण खाणीतून येणाऱ्या खडीवर मातीची पातळ भुकटी बसलेली असते. डांबर त्या भुकटीला चिकटतं, दगडाला नाही. दगड कितीही चांगला असला तरी आधी धूळ पाहा, खडी धुवायची वेळ आली तर धुवा.

चुन्यात दोन चुका वारंवार दिसतात. एक, कळीचा चुना वापरणं. तो थरात गेल्यावर पाण्याने विझतो, फुगतो आणि थर फोडतो. दुसरी, उघडी पडलेली पोती. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साधी चुनखडीची भुकटी होतो. मग ती फिलर म्हणून चालते, चुना म्हणून नाही.

द्रव अँटी-स्ट्रिपिंग रसायन घातलं तर चुन्याची गरज उरते का?

ते दगड आणि डांबर पाहूनच ठरतं. अमाइनवाली रसायनं डांबराच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास लागतात, सिलेनवाली त्याहूनही कमी. बडोद्यातलीच झायडेक्स ही कंपनी सिलेनवालं रसायन बनवते, त्यामुळे इथे ते सगळ्यांच्या तोंडी आहे. वापरायला सोपी, प्लांटमध्ये वेगळा सायलो, म्हणजे साठवणीची उभी टाकी, लागत नाही, ही त्यांची मोठी सोय. पण काही अमाइन गरम टाकीत दिवसेंदिवस ठेवले तर कमजोर होतात. आणि डांबर कडक करायला पॉलिफॉस्फोरिक आम्ल वापरलं असेल तर अमाइन त्या आम्लाशी भिडून दोघांचंही काम बिघडवू शकतं. रिफायनरीकडून किंवा पुरवठादाराकडून आलेल्या डांबरात आधीच काय घातलेलं आहे, हे लेखी मागा. हा प्रश्न विचारायला कुणाला संकोच वाटायचं कारण नाही.

विमानाचं इंधन सांडतं तिथे काय?

हाताला डांबर लागलं की आई रॉकेलचा बोळा द्यायची, ते आठवा. विमानाचं इंधन जेट ए-१ म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच. ते डांबर विरघळवतं आणि खडी मोकळी करतं. म्हणून विमानं जिथे इंधन भरतात तो एप्रन बहुधा काँक्रीटचा असतो. जिथे डांबरच ठेवायचं असेल तिथे पॉलिमरची मात्रा खूप जास्त असलेलं, इंधनाला तोंड देणारं डांबर वापरतात, पोकळ्याही अगदी कमी ठेवतात. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने, अशा मिश्रणासाठी पी-४०४ ही वेगळी तरतूद केली आहे. कोळशाच्या डांबराचे लेप पूर्वी यासाठी चालत, इंधनाला ते चांगले टिकतातही, पण त्यातले बहुचक्रीय हायड्रोकार्बन माणसाला घातक आहेत. मी ते सुचवत नाही.

टायरचं रबर किंवा प्लास्टिक कचरा चालेल?

रबराच्या भुकटीने डांबर लवचीक होतं, भेगा कमी पडतात. पण ते घट्ट होतं, टाकीत सतत ढवळावं लागतं. चांगला प्लांट असेल तर विचार करावा.

प्लास्टिकबद्दल फार आपुलकीने विचारलं जातं, आणि ती आपुलकी योग्यच आहे. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांनी गरम खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकून तिला लेप द्यायची पद्धत रूढ केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:९८ ही २०१३ मध्ये आलेली मार्गदर्शिका रस्त्यांसाठी आहे. धावपट्टीसाठी मात्र माझा हात आखडता आहे. कचऱ्यातलं प्लास्टिक रोज एकसारखं येत नाही. त्यात चुकून पीव्हीसी गेलं तर तापल्यावर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. आणि जिथे एक सुटा खडाही परवडत नाही, तिथे रोज बदलणारा माल मला नको वाटतो. आधी विमानतळाच्या आतल्या गाड्यांच्या रस्त्यांवर करा, चार पावसाळे पाहा.

काम रात्री होतं, सकाळी विमान उतरतं. गरम थरावर कसं?

विमानतळावरची खरी कसरत हीच. शेवटचं विमान गेल्यावर ताबा मिळतो, पहाटेपूर्वी पट्टी मोकळी करावी लागते. थर साधारण ६० अंशांखाली आल्याशिवाय चाक सोडू नये, आणि मे महिन्यातल्या रात्री हवाच २८-३० अंश असते, थर निवता निवत नाही. इथे वॉर्म मिक्सची अ‍ॅडिटिव्हं कामी येतात: मेणासारखे पदार्थ किंवा अशी रसायनं, ज्यांनी मिश्रण २०-३० अंश कमी तापमानाला बनवून दाबता येतं. सुरुवातच कमी तापमानाला, म्हणून निवायलाही कमी वेळ.

याचं मोठं उदाहरण फ्रँकफर्टचं. २००३ ते २००५ या काळात तिथल्या उत्तरेकडच्या धावपट्टीचं जुनं काँक्रीट काढून जाड डांबरी थर घातले. सुमारे ३०० रात्री, एका रात्रीत जेमतेम १५ मीटर लांबी, आणि सकाळी त्याच धावपट्टीवर विमानं. मेण घातल्यामुळेच ते वेळेत बसलं. पण मेणाने थंडीत डांबर जरा ठिसूळ होऊ शकतं, म्हणून मात्रा वाढवत नेऊ नये.

अ‍ॅडिटिव्हने धावपट्टीचा पीसीआर, म्हणजे वजन पेलण्याच्या ताकदीचा आकडा, वाढतो का?

नाही म्हणावं इतका कमी. २८ नोव्हेंबर २०२४ पासून आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, एसीआर-पीसीआर पद्धत लागू आहे. त्यातला आकडा सगळ्या थरांची जाडी आणि खालची माती मिळून ठरतो. वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये पॉलिमर घालून खालची काळी माती बळकट होत नाही.

पावसाचं पाणी निघून जावं म्हणून कापलेल्या खाचा उन्हाळ्यात मिटतात, त्यावर उपाय?

या खाचा साधारण ६ मिलिमीटर रुंद, तेवढ्याच खोल, ३८ मिलिमीटर अंतरावर. मऊ डांबरात त्यांच्या कडा ढासळतात. पॉलिमरवालं डांबर वापरा आणि थर घातल्यावर सुमारे महिनाभर थांबून मगच कापा. घाई केली तर पातं खडी उपटतं.

एका धावपट्टीला हे सगळं लागतं तरी किती?

हिशेब करून पाहू. धावपट्टी अडीच किलोमीटर लांब, ४५ मीटर रुंद, वर ५ सेंटिमीटरचा थर. आकारमान ५,६२५ घनमीटर, वजन साधारण १३,५०० टन. डांबर ५.५ टक्के धरलं तर सुमारे ७४० टन. त्यात ४ टक्के एसबीएस म्हणजे ३० टन. खडीच्या दीड टक्का चुना म्हणजे १९० टन. सिलेनवालं रसायन ०.१ टक्का धरलं तर फक्त ७४० किलो, एका लहान टेम्पोत मावेल. आता विचार करा, ७४० किलो माल १३,५०० टनांत सारखा पोचायला हवा. मोजणारा पंप आणि त्याची रोजची नोंद महत्त्वाची का, ते या आकड्यांतच आहे.

जुन्या धावपट्टीवर फक्त फवारा मारून भागेल?

भेगा केसासारख्या असतील आणि थर आतून शाबूत असेल तर. रिजुव्हेनेटर हरवलेले तेलकट घटक परत देतो, पण वरच्या काही मिलिमीटरपुरताच. गिलसोनाइट हे अमेरिकेतल्या युटामधलं नैसर्गिक अस्फाल्ट घातलेले लेपही असतात. दोन्हींनी काही काळ पृष्ठभाग निसरडा होऊ शकतो, म्हणून घर्षण मोजल्याशिवाय विमान सोडू नका. चाकोरी पडलेल्या थराला किंवा आतून डांबर सुटलेल्या थराला फवाऱ्याने काही होत नाही. तिथे मिलिंग करून, म्हणजे जुना थर खरवडून काढून, नवा थर घालावाच लागतो.

नॅनो सिलिका, ग्राफीन वगैरे?

प्रयोगशाळेत आशा वाटावी असं बरंच दिसतं. आपल्या उन्हात आणि पावसात दहा वर्षं उभं राहिलेलं काम दाखवा, मग मी बोलेन.

महागडं अ‍ॅडिटिव्ह घालूनही धावपट्टी लवकर खराब झाली. असं का?

एका कामावर मी स्वतः हे पाहिलं आहे. डांबर उत्तम होतं, पॉलिमर नेमकं होतं, कागद सगळे स्वच्छ. दोन पावसाळ्यांत खडी सुटू लागली, आणि तीही सरळ रेषेत, पेव्हरने, म्हणजे थर पसरणाऱ्या यंत्राने, घातलेल्या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर. कोअर, म्हणजे थरातून कापलेले गोल नमुने, काढले तर सांध्यावर पोकळ्या ११ टक्के निघाल्या. दुसरा पट्टा घालेपर्यंत पहिला थंड झाला होता, रोलर सांध्यावर नीट बसला नव्हता. त्या रात्री मीही तिथे होतो आणि सांध्याचे कोअर काढा असा आग्रह मी धरायला हवा होता. याची रुखरुख मला अजून आहे.

दाबलेल्या थरात पोकळ्या ७-८ टक्क्यांच्या वर गेल्या की त्या एकमेकांना जोडल्या जातात, हवा आणि पाणी आरपार फिरतं. अशा थरात पॉलिमरही वाळतं आणि चुनाही हरतो. दाब नीट दिला तर साधं डांबरही तुमची लाज राखतं. दोन पेव्हर थोड्या अंतराने तिरके चालवून गरम सांधा जोडणं, सांध्यावर वेगळे कोअर काढणं, पाऊस येण्याची चिन्हं असताना काम थांबवणं, या गोष्टींना अ‍ॅडिटिव्हपेक्षा पैसा कमी लागतो आणि हिंमत जास्त लागते.

कामाआधी कोणत्या चाचण्या मागाव्यात?

तुमच्याच खाणीतली खडी आणि तुमच्याच टँकरमधलं डांबर घेऊन केलेल्या. पुरवठादाराच्या माहितीपत्रकातला आकडा दुसऱ्या दगडावरचा असतो. सगळ्यात सोपी उकळण्याची चाचणी: डांबर लावलेली खडी १० मिनिटं उकळत्या पाण्यात, मग किती दगड उघडा पडला ते पाहायचं. नापास करायला ती पुरते, पास करायला नाही. त्यानंतर तन्यता गुणोत्तर, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के हवी. ऐपत असेल तर ५० अंशांच्या पाण्यात चाक फिरवणारी हॅम्बुर्ग चाचणी करा, कारण आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा तिच्यात एकत्र येतात. म्हातारपणासाठी डांबर आधी ८५ मिनिटं फिरत्या ओव्हनमध्ये, मग २० तास दाबाच्या भांड्यात ठेवून तपासतात. अ‍ॅडिटिव्हसह आणि अ‍ॅडिटिव्हशिवाय, दोन्ही नमुने शेजारी शेजारी करायला सांगा.

आणि प्रत्येक रात्रीच्या डांबराचा एक लिटरचा डबा तारीख आणि टँकरचा नंबर घालून बंद करून ठेवा. पाच वर्षांनी भेग पडली तर त्या डब्यातून कारण शोधता येतं.